पाटीवरचं नाव नंतर, आधी वर्गातली बाई बघा

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, लहान मुलाला कुठल्या शाळेत घालायचं. काही पत्रं इतकी काळजीने लिहिलेली आहेत की थोडक्यात आटपणं बरोबर वाटलं नाही, म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळी घेते आणि आज फक्त शाळेबद्दलच बोलू.

प्रश्न: ताई, मुलगी आता ३ वर्षांची होईल आणि घरात सध्या दुसरा विषयच नाही. ४ शाळा शॉर्टलिस्ट केल्यात. एक माँटेसरी, एक म्हणते आम्ही प्ले-बेस्ड, एक वॉल्डॉर्फ, आणि चौथी एकदम नावाजलेली, तिथे पहिल्याच वर्षात मुलं वाचायला लागतात असं सांगतात. नवरा म्हणतो चौथी, सासूबाई म्हणतात जवळची, मैत्रीण म्हणते माँटेसरीच. वेबसाइट वाचून वाचून मला सगळ्या सारख्याच वाटायला लागल्यात. नेमकं काय बघून ठरवायचं?

उत्तर: आधी ही नावं काय आहेत ते सांगते, म्हणजे त्यांचं दडपण जरा कमी होईल. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन असं नाव दिलं, खेळणं हेच या वयाचं शिकणं हा त्यांचा आग्रह, आजच्या प्ले-बेस्ड शाळांचं मूळ बरंचसं तिथेच आहे. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या, त्यांनी १९०७ मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं आणि मुलं काय करतात ते बघत बघत आपली पद्धत बसवली. वॉल्डॉर्फ म्हणजे रुडॉल्फ स्टायनर यांची पद्धत, १९१९ मध्ये श्टुटगार्टच्या एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाली, तिथे वाचन-लेखन साधारण ७ व्या वर्षापर्यंत मुद्दाम मागे ठेवतात आणि गोष्टी, गाणी, हातकाम यांवर भर देतात. वाटा वेगळ्या आहेत पण एका गोष्टीवर तिघांचंही जमतं, ३ वर्षांचं मूल हाताने आणि अंगाने शिकतं, बाकावर बसवून शिकत नाही.

आता महत्त्वाचं. पाटीवर माँटेसरी लिहिलंय म्हणून आत माँटेसरी असेलच असं नाही, कारण हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, अमेरिकेत तर १९६७ मध्ये ट्रेडमार्कच्या वादात हा सर्वसाधारण शब्द आहे असाच निकाल लागला होता. मग ओळखायचं कसं? ३ ते ६ वर्षांची मुलं एकाच वर्गात एकत्र आहेत का ते बघा, सकाळी जवळपास ३ तास सलग, घंटा न वाजवता मुलांना आपापलं काम करू देतात का ते विचारा, आणि साहित्य कुठे ठेवलंय ते बघा. तो गुलाबी मनोरा असतो ना, १० ठोकळे, सगळ्यात छोटा १ सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा १० चा. मूल सतरंजीवर बसून तो रचतं, मधला एखादा ठोकळा मागेपुढे झाला की मनोऱ्याच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात, मूल थांबतं, बघतं, पाडतं आणि पुन्हा लावतं. बाईला "चुकलं" म्हणावंच लागत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. तोच मनोरा काचेच्या कपाटात पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला असेल, किंवा ३० मुलांसमोर बाई रचून दाखवतेय आणि मुलं हाताची घडी घालून बघतायत, तर नाव काहीही असो, तुम्हाला कळलंच ना काय चाललंय ते.

म्हणून माझं म्हणणं असं की ओपन डेला जाऊ नका, किंवा जा पण त्यावरून ठरवू नका. साधा कामाचा दिवस निवडा, वर्ग चालू असताना अर्धा तास कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. प्रत्येक शाळा देणार नाही, सुरक्षेचं कारण सांगतील आणि ते खरंही असू शकतं, पण मग निदान खिडकीतून तरी बघू देतात का ते विचारा. बसलात की भिंतींकडे कमी आणि बाईकडे जास्त बघा. मुलाशी बोलताना ती खाली वाकते का, गुडघ्यावर बसते का, की उभ्यानेच वरून बोलते? मूल काही सांगत असेल तर वाक्य पूर्ण होऊ देते का? कुणाचं तरी पाणी सांडेल, हमखास सांडतं, तेव्हाचं पुढचं एक मिनिट नीट बघा. एका वर्गात "अरे काय केलंस हे!" होतं, मावशींना हाक जाते आणि मूल भिंतीपाशी उभं राहतं. दुसऱ्या वर्गात त्याच्या हातात फडकं येतं, शेजारचं मूलही पुसायला बसतं आणि २ मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या एका मिनिटात तुमची मुलगी तिथे रोज कशी राहील ते तुम्हाला दिसतं, ब्रोशरमध्ये ते कुठेच छापलेलं नसतं.

भिंतीवर २५ एकसारखी बदकं चिकटवलेली असतील तर ती बाईंनी कापली आहेत असं समजा, वेडीवाकडी आणि एकमेकांसारखी नसलेली चित्रं असतील तर ती मुलांची. टॉयलेट किती लांब आहे, मूल हवं तेव्हा जाऊ शकतं का, सोबत कोण जातं हे विचारताना लाजू नका. बाई इथे किती वर्षं आहेत हे विचाराच, दर वर्षी माणसं बदलणारी शाळा कितीही चकचकीत असली तरी लहान मुलाला अवघड जाते. आणि संख्या. लहान मुलांच्या शिक्षणात काम करणारी अमेरिकेतली एनएईवायसी ही संस्था या वयाला २० मुलांमागे २ मोठी माणसं असं प्रमाण सांगते, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल पण ४० मुलांत एकच बाई असेल तर ती कितीही प्रेमळ असली तरी तिला ते झेपणार नाही.

चौथ्या शाळेबद्दल. पहिल्या वर्षात वाचन, हे ऐकायला छान वाटतं हे मला कळतं, आणि तुमचे मिस्टर काही वाईट हेतूने म्हणत नाहीयेत. पण न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट यांनी ५ व्या वर्षी वाचन शिकवलेली आणि ७ व्या वर्षी शिकवलेली मुलं ताडून बघितली तेव्हा ११ व्या वर्षापर्यंत दोघांचं वाचन सारखंच झालेलं होतं. लिहिण्याचं तर त्याहून स्पष्ट आहे, मनगटात ८ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चाच असते आणि मग एकेक करून हाड बनत जातं, शेवटचं तर ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. ३ वर्षांच्या हाताने ओळीत अक्षरं काढायची म्हणजे त्याला जे अजून आलेलं नाही ते मागणं झालं. त्याच हाताला माती मळू दे, कागद फाडू दे, मणी ओवू दे, पाणी ओतू दे, पेन्सिलीची तयारी त्यातूनच होते. मुलगी आपण होऊन अक्षरं विचारत असेल तर जरूर सांगा हं, अडवायचं नाही, मी फक्त सगळ्या वर्गाला एकदम घोटायला लावण्याबद्दल बोलतेय.

तुमच्या चारपैकी कुठली ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण चारही बघून आल्यावर ज्या वर्गातून उठावंसं वाटलं नाही ती घ्या, आणि दोन सारख्या वाटल्या तर सासूबाईंचं ऐका.

प्रश्न: आमचा मुलगा प्रवेशाच्या तारखेच्या फक्त ९ दिवस आत जन्मलेला आहे. म्हणजे घेतील, पण वर्गात सगळ्यात लहान असेल. एक वर्ष थांबवलं तर वर्ष वाया जाईल का?

उत्तर: वाया काही जात नाही. या वयात ११ महिन्यांचा फरक म्हणजे फार मोठा, ४ वर्षांच्या मुलासाठी तो आयुष्याचा जवळपास पाव भाग झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये ९ लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली होती, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथे वर्गाची तारीख ३१ डिसेंबर, आणि डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा याचं, निदान होण्याचं प्रमाण जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं, मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या मेंदूत काही वेगळं थोडंच असतं, ती वर्गात लहान होती आणि त्यांचं लहान असणं चंचलपणा म्हणून बघितलं गेलं. याचा अर्थ तुमच्या मुलाला असं होईलच असा नाही, पण "एवढा एवढा तर आहे, घालून टाकू" म्हणण्याआधी हे माहीत असावं.

मी दोन गोष्टी बघेन. एक, त्याची स्वतःची तयारी, म्हणजे अक्षरं-आकडे नाही तर टॉयलेट लागली हे सांगतो का, तुमच्याशिवाय २-३ तास दुसऱ्या कुणाजवळ राहतो का, आपली चप्पल आपण घालायचा प्रयत्न करतो का, दुसऱ्या मुलाच्या हातातलं खेळणं हवं असताना थोडं तरी थांबतो का. दुसरं म्हणजे शाळा. मिश्र वयाचा, खेळकर वर्ग असेल तर सगळ्यात लहान असण्याने फारसं बिघडत नाही, उलट मोठ्यांकडे बघून तो बरंच उचलतो. सगळ्यांना एकाच वेळी एकच पान पूर्ण करायला लावणारा वर्ग असेल तर थांबा. आणि थांबलात तर ते वर्ष घरात वर्कबुक भरण्यात घालवू नका, त्याला भरपूर बाहेर खेळू द्या, माणसांत मिसळू द्या.

प्रश्न: घरात एक भाषा आणि शाळेत वेगळीच. शाळेने सांगितलंय की घरीही शाळेचीच भाषा बोला नाहीतर मूल मागे पडेल. आजी-आजोबांना ती येत नाही. काय करू?

उत्तर: घरची भाषा सोडू नका. अगदी ठाम सांगते. मुलं दोन भाषांनी गोंधळत नाहीत, दोन्हींतले शब्द एकाच वाक्यात येतात तेव्हा आपल्याला गोंधळ वाटतो, तो गोंधळ नसतो, हाताशी जे आहे ते सगळं वापरून मूल बोलत असतं. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता ती पक्की असली की दुसरी तिच्यावर उभी राहते. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ च्या अहवालातच सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेत असावं असं म्हटलेलं आहे, म्हणून जमत असेल तर पहिली काही वर्षं घरच्या भाषेतली शाळा मला जास्त पसंत आहे. ते शक्य नसेल तर निदान एवढं बघा की वर्गात घरची भाषा बोलल्याबद्दल ओरडा पडत नाही आणि एखादी तरी बाई अशी आहे जिला तुमच्या मुलाला दुखतंय, भूक लागलीय हे त्याच्या भाषेत समजतं. नव्या भाषेच्या वर्गात गेल्यावर काही मुलं आठवडेच्या आठवडे, कधी कधी काही महिने गप्पच राहतात, ऐकत असतात, साठवत असतात, त्या काळात "बोल ना, बोल ना" करून मागे लागू नका.

प्रश्न: मुलगा साडेतीन वर्षांचा, अजून एकेक शब्दच बोलतो. दोन शाळांनी "आमच्याकडे नको, स्पेशल शाळा बघा" म्हटलं. घरचे म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, शाळेत गेला की बोलेल. मी एकटीच काळजी करतेय असं वाटतं.

उत्तर: तुमची काळजी बरोबर आहे आणि ती तुम्ही बोलून दाखवलीत हे फार चांगलं केलंत. २ वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडायला लागतात, साडेतीनला एकेकच शब्द असेल तर वाट बघत बसायचं नाही. पहिलं काम शाळा शोधणं नाही, कान तपासणं. हाक मारल्यावर वळून बघतो म्हणजे ऐकू येतंच असं नाही, कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकणं कमी झालेलं असू शकतं, ते वरून दिसत नाही आणि त्यावर उपाय असतो. मग स्पीच थेरपिस्ट आणि बालविकासतज्ज्ञ. हे लगेच, या महिन्यातच.

शाळेबद्दल म्हणाल तर न तपासता, मुलाला १० मिनिटं बघून "स्पेशल शाळा बघा" म्हणणाऱ्यांचं ऐकून निराश होऊ नका. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यात ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलं होतं की अशा मुलांची जागा शक्य तिथे सगळ्यांच्याच शाळेत आहे. पण नुसता प्रवेश मिळाला म्हणजे झालं असंही नाही, दार उघडून मुलाला मागच्या कोपऱ्यात बसवणारी शाळा काय कामाची. विचारताना सगळं खरं सांगा, लपवून घेतलेला प्रवेश पुढे मुलालाच जड जातो. आणि मग प्रश्न विचारा, वर्गात किती मुलं, आवाज किती, दिवसात आता काय आणि नंतर काय हे चित्रांनी दाखवतात का, थेरपिस्ट सांगतील तसं बाई करून बघतील का. "आम्ही असं मूल कधी सांभाळलं नाही, पण शिकू" म्हणणारी बाई भेटली तर मी तिथे घालेन. "आमच्याकडे सगळं आहे" म्हणून खोली दाखवणाऱ्यांपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते. आणि तपासणीनंतर तज्ज्ञांनीच वेगळी शाळा सुचवली तर तीही मोकळ्या मनाने बघून या, तिथलीही बाई बघा.

प्रश्न: मी आजोबा. मुलगा-सून नातवाला लांबच्या मोठ्या शाळेत घालतायत, कारण एकदा आत गेला की पार शेवटच्या इयत्तेपर्यंत चिंता नाही. बसने जायला १ तास, यायला १ तास. नातू ४ वर्षांचा. मी बोललो तर जुन्या विचारांचा ठरतो.

उत्तर: आजोबा, तुमचं बरोबर आहे, आणि हे पान त्यांना खुशाल वाचायला द्या. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसाच्या २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलंय. आता हिशोब करा, सकाळी लवकर उठवून १ तास बस, शाळा, परत १ तास बस, त्यात झोप कुठून काढणार आणि खेळ कुठून काढणार? पुढच्या प्रवेशाची चिंता खरी आहे, मी ती उडवून लावत नाही, पण ती ४ वर्षांच्या मुलाने रोज बसमध्ये पेंगत का फेडायची. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. पहिली २-३ वर्षं चालत जाता येईल अशी जवळची बघा, तिथला मित्र संध्याकाळीही खेळायला मिळतो, पाऊस आला, ताप आला तर १० मिनिटांत कुणी तरी पोचतं. तुम्ही सोडायला-आणायला जायची तयारी दाखवली तर त्यांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल असं मला वाटतं.

प्रश्न: शाळा सुरू होऊन ३ आठवडे झाले, मुलगी रोज गेटवर रडते, माझा पाय निघत नाही. शाळेवाले म्हणतात तुम्ही लगेच जा, मागे वळून बघू नका. शाळा बदलू का?

उत्तर: लगेच बदलू नका, पण "सगळीच मुलं रडतात" म्हणून सोडूनही देऊ नका. रडण्यात फरक असतो. गेटवर रडते आणि १० मिनिटांनी खेळायला लागते, घरी आल्यावर शाळेतलं गाणं म्हणते, हे रडणं निरोपाचं आहे, ते ओसरतं. दिवसभर कोपऱ्यात बसून राहते, रात्री दचकून उठते, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, सुट्टीच्या दिवशीही शाळेचं नाव काढलं की घाबरते, किंवा एका ठरावीक माणसाचं नाव घेतलं की गप्प होते, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी जाऊन बोलायचं.

आता तुम्हाला काय करता येईल ते. तुम्ही गेल्यानंतर २० मिनिटांनी ती काय करत असते हे बाईंना रोज विचारा, आणि "छान असते हो" एवढ्यावर समाधान मानू नका, कुणाबरोबर होती, कशाशी खेळली ते विचारा. ज्या बाईला हे सांगता येतं तिने तुमच्या मुलीकडे बघितलेलं असतं. निरोप छोटा घ्या पण घ्या, तिचं लक्ष नसताना पळून जाऊ नका, त्याने दुसऱ्या दिवशी ती तुम्हाला आणखी घट्ट धरते. कधी येणार ते घड्याळात सांगू नका, "गोष्ट झाली, डबा खाऊन झाला की मी गेटवर" असं सांगा आणि मग खरंच त्या वेळेला गेटवर उभ्या राहा.

जर्मनीत बर्लिन मॉडेल म्हणून एक पद्धत वापरतात, त्यात पहिले ३ दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर साधारण तासभर वर्गातच बसतात, वेगळं करायचंच नाही, चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात आणि मूल कसं घेतं त्यावर पुढचं ठरतं. त्या सगळ्यात एकच बाई मुलाची म्हणून ठरलेली असते. ३ आठवडे झाले असले तरी उशीर झालेला नाही, शाळेला सांगा की पुढचा आठवडा आम्हाला असं करून बघायचंय, रोज थोडाच वेळ ठेवायचंय आणि एकच बाई तिला गेटवर घ्यायला येऊ दे. चांगली शाळा थोडी कुरकुर करेल पण हो म्हणेल. "एकीला सवलत दिली तर सगळे मागतील" असं उत्तर आलं, आणि वर तुमच्यासमोरच मुलीला "मोठी झालीस ना, लाज नाही वाटत?" असं कुणी म्हणालं, तर मग हो, दुसरी शाळा बघायला लागा, आणि या वेळी जाताना तिलाही बरोबर घेऊन जा.